मानाचा बैल

श्रावणी अमावास्येचा दिवस कलू लागला, की आमच्या गावची वेस भरून जाते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल आणि कपाळावर बाशिंग अशा थाटात बैल ओळीने उभे असतात. वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण ताणलेले असते. त्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती पाटलाची. ती गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा बैल पाऊल उचलीत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची ही रीत आहे, आणि आमच्या गावी तो पाटील म्हणजे आमचे घर.

लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून त्या पहिल्या जोडीमागे चालताना माझी छाती फुगून येई. वडील गेले आणि तो मान माझ्याकडे आला. तेव्हा मात्र एक अडचण ध्यानात आली. मी शाळामास्तर. माझ्या दावणीला बैलच नाही! रान बटईने दिलेले. बटईदार आपले बैल सजवून आणतो, मी फेटा बांधून पुढे होतो आणि गाव म्हणते, 'पाटलाचे बैल आले.'

गेल्या वर्षी खांदेमळणीच्या दिवशी तो बटईदार बैलांच्या मानेला हळद-तूप चोळीत बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. हातातले काम न थांबवता तो हसत म्हणाला, "मास्तर, वरीसभर ह्ये माझ्या दावणीला, अन् पोळ्यादिशी तेवढे पाटलाचे. बैलाला कळत नाही म्हणून बरंय."

बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. त्याचा पणजा या गावचा वेसकर होता. ज्याने वेस राखली, त्याच्या पणतूचे बैल त्या वेशीतून जातात ते दुसऱ्याच्या नावाने. सत्ता गेल्यावर मागे उरलेला मान ही चीज तरी काय आहे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून हलला नाही.

सत्ता तर केव्हाच गेली होती. निजामाच्या राज्यात सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, तेव्हा देशमुख-देशपांड्यांच्या हातची वसुली सरकारी अंमलदारांकडे गेली आणि त्यांच्या वाट्याला नुसता रुसूम उरला. १९४८ च्या सप्टेंबरात निजामशाहीच संपली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पदही रद्द झाले आणि गावचे दप्तर तलाठ्याकडे गेले. आज पोलीस पाटील आहे, पण त्याची नेमणूक १९६७ च्या कायद्याने होते, वंशाने नव्हे. इतके सगळे गेले. राहिली ती वेशीतली पहिली जोडी.

असे आपल्याकडेच घडले असे नव्हे. इंग्लंडात प्रत्येक परगण्याला शेरीफ असे. हा राजाचा कारभारी. सारा गोळा करणे, चोर धरणे, कचेरी चालवणे ही सारी कामे त्याची. त्याचा जाच इतका वाढला, की दुसऱ्या हेन्रीने ११७० साली चौकशी लावून बहुतेक शेरिफांना घरी बसवले. आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टात त्यांना वेसण घालणारी कलमे आली. पुढे शतकाशतकाने एकेक अधिकार गळत गेला. आजही तिथे परगण्यापरगण्याला हाय शेरीफ असतो. मखमली कोट, कमरेला तलवार, न्यायाधीशांचे स्वागत. बाकी हाती फारसे काही नाही.

पण त्यांच्या रीतीतल्या दोन गोष्टींनी मला थांबवले. एक म्हणजे हा मान एका वर्षाचा. वर्ष संपले की फेटा उतरवायचा. दुसरी म्हणजे त्याला पगार नाही. खर्च ज्याचा त्याने करायचा. चर्मपत्रावर नावे लिहिलेली असतात आणि राजा चांदीच्या दाभणाने निवडलेल्या नावापुढे भोक पाडतो. शाईची खूण खरवडता येते, भोक बुजत नाही, असे त्याचे कारण सांगतात. म्हणजे एके काळी हा मान इतका महाग पडे, की माणसे तो चुकवू पाहत! आपण मानासाठी डोकी फोडतो, आणि तिथे मानातून सुटायला माणूस शाई खरवडील अशी भीती.

आपल्या मुंबईलाही शेरीफ असे. मानाने महापौरांच्या खालोखाल, मुदत वर्षाची आणि अधिकार बेताचे. पण नागरिकांनी मागणी केली, की टाऊन हॉलमध्ये जाहीर सभा बोलवायची ती शेरिफाने. गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ अशी दोनदा या पदावर होते. १९८० साली दिलीपकुमार शेरीफ झाले, पुढे सुनील गावसकरही झाले. भाऊ दाजींना शेरीफपदाने मोठे केले नाही. गोरगरिबांना फुकट औषध देणारा तो माणूस आधीच मोठा होता. त्याच्यामुळे त्या पदाला वजन आले.

मान दोन जातींचा असतो, असे मला वाटू लागले आहे. एक घेण्याचा आणि एक वाहण्याचा. आमच्या तुळजापुरी दसऱ्याला भवानीचे सीमोल्लंघन होते. त्यासाठी नगरकडून, बुऱ्हाणनगरहून पालखी येते. तिचा मान ज्यांचा, त्यांच्या वाट्याला वाटचाल आहे, धूळ आहे, ओझे आहे. त्या मानाचा हेवा वाटत नाही. हात जोडावेसे वाटतात. उलट ज्या मानात आपण काहीच वाहत नाही, तिथे आपले ओझे दुसराच कोणीतरी वाहत असतो. आमच्या पोळ्याला तो बटईदार होता.

त्यातही भेद आहे. पाटलाचे वतन गेले तेव्हा घरे रडली. पण वतन ही बेडी आहे हेही याच जिल्ह्यात सांगितले गेले. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिला स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्याआधी १९२८ सालीच त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. वतन एकच शब्द. एकाच्या डोक्यावर फेटा आणि दुसऱ्याच्या गळ्यात दावे.

यंदा पोळ्याच्या आधी मारुतीच्या पारावर बैठक होती. मी म्हणालो, पहिल्या जोडीचा मान दरवर्षी फिरता ठेवू. बैल राखणाऱ्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकू. कोणी तरी म्हणाले, मानकऱ्याने गावाला जेवण घालावे. मला इंग्लंड आठवले. खर्च अंगावर घ्यायचा म्हटले, की मान श्रीमंताच्याच दारी फिरतो. म्हणून खर्च गावाच्या वर्गणीतून, असे ठरवायला लागले.

माझे चुलते तिथेच बसले होते. ते म्हणाले, "जमीन गेली, दप्तर गेलं. आता हेही सोडलंस तर आपल्यापाशी राहिलं काय रे?"

हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली शेवटची काठी काढून घेताना आपण न्याय करतो आहोत, एवढ्याने भागत नाही. मी म्हणालो, "तात्या, गावानं हाक मारली तर धावून जायचं, ते राहिलं. त्याला चिठ्ठी लागत नाही." ते काही बोलले नाहीत.

पहिलीच चिठ्ठी बटईदाराची निघाली असती, तर गोष्ट छान झाली असती. निघाली ती दुसऱ्याच एका घराची. बटईदाराची जोडी सहावी होती. पण ती त्याच्या नावाने गेली. दोर त्याच्या हातात होता, आणि तोरणाखाली पोचल्यावर त्याने एकदा वर पाहिले. मी गर्दीत उभा होतो. खरे सांगायचे तर जरा चुकल्यासारखेही वाटले. मान सोडला म्हणून कोणी आपली वाहवा करील का, हेही मन चोरून पाहत होते. मानाची हौस अशी सहजासहजी जात नाही. ती त्यागाचा फेटा बांधूनही येते.

तात्या वेशीकडे आले नाहीत. दिवेलागणीला मी बटईदाराच्या अंगणात गेलो, तेव्हा बैल पुरणपोळी खात होते. ताट ओळखीचे वाटले म्हणून मी विचारले.

"तात्यांनी धाडलं," तो म्हणाला. "स्वतः येऊन ठिवून गेले."