स्मरण आणि साक्ष

दिवंगत पत्नीविषयी पती आणि दिवंगत मातेविषयी मुले बोलू लागली, की त्यांच्या तोंडी बहुधा एकच शब्द येतो : त्याग. या शब्दात कृतज्ञता असते, तशी सोयही असते. त्यागाचे गुणगान केले, की तो तिने स्वेच्छेने केला की तिच्याकडून करवून घेतला गेला, हे विचारण्याचे टळते. प्रेमाने केलेले स्मरण सत्यालाही बांधील असावे काय, हा म्हणूनच नीतीचा प्रश्न ठरतो.

कस्तुरबा गांधींच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत असतानाच त्यांचे देहावसान झाले. तेथेच महादेवभाई देसाईंच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे. चार पुत्रांच्या या मातेला देशाने ‘बा’ म्हटले. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिन २००३ पासून राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणून पाळला जातो.

या गौरवात कस्तुरबांचा स्वतःचा आवाज मात्र क्वचितच ऐकू येतो. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. तो आवाज काहीसा उरला आहे तो पतीच्या आत्मकथेत. १९२५ ते १९२९ या काळात, कस्तुरबा हयात असतानाच, ती ‘नवजीवन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना मिळालेल्या मौल्यवान भेटी सार्वजनिक कार्यासाठी देऊन टाकण्याचे गांधीजींनी ठरवले. त्यांत खास कस्तुरबांसाठी दिलेला पन्नास गिनींचा सोन्याचा हारही होता. गांधीजींनी आधी मुलांना आपल्या बाजूस वळवले आणि मग पत्नीला गाठले. तिचा युक्तिवाद साधा होता : उद्या सुना येतील, त्यांना काय द्यायचे? आणि पतीच्या सेवेमागे घरात रात्रंदिवस राबणाऱ्या स्त्रीचे कष्ट ही सेवा नव्हे काय? अखेर संमती मिळाली. पण ती कशीबशी काढून घेतली, हे गांधीजींनी लपवले नाही. १८९८ मध्ये डरबनच्या घरात संतापाच्या भरात पत्नीला फाटकाबाहेर लोटू पाहिल्याची कबुलीही त्यांनी दिली आहे.

ही साक्ष निःपक्षपाती नव्हे. हाराविषयीचा आपला निर्णय योग्यच होता आणि पुढे पत्नीलाही तो पटला, असा निर्वाळा पतीच देतो. तरीही एक गोष्ट घडली आहे : निर्णय पतीचा टिकला, पण पत्नीचा प्रश्नही टिकला. सेवेचे श्रेय कोणाचे, हे आजचा वाचक त्या माउलीच्या बाजूनेही विचारू शकतो.

ज्या घरांत कोणी आत्मकथा लिहीत नाही, तेथे मृत स्त्रीचे स्मरण फोटोला घातलेला हार आणि वर्षश्राद्धाचे पान यांवरच बहुधा थांबते. तिच्या हातची चव आठवते. तिने कशाला विरोध केला होता, ते विस्मरणात जाते. वस्तुतः तिच्या नकारात तिचे वेगळे अस्तित्व सर्वांत स्पष्ट होते. ऋण फेडायला ती आता नाही. तिचे म्हणणे तिच्याच बाजूने सांगणे, आणि त्या वेळी ते आपण ऐकले नाही हे मान्य करणे, एवढेच मागे उरलेल्यांच्या हाती असते. त्याने प्रेम उणे होत नाही. ते प्रथमच तिच्यावरचे होते.