शेकलेला खांदा, भिजलेली पाठ

कामाच्या ठिकाणी माणसाला वाटणारा आपलेपणा हा अलीकडे व्यवस्थापनशास्त्राचा आवडता विषय झाला असून, आपण या जागेचे आहोत, आपल्या असण्यानसण्याने येथे फरक पडतो आणि आपले म्हणणे येथे ऐकले जाते, ही जी भावना काम करणाऱ्याच्या मनात रुजते तिला हे शास्त्र मोठे मोल देते. मात्र ही चर्चा बहुतेक वेळा कार्यालये आणि कारखाने यांच्याभोवतीच फिरत राहते आणि यवतमाळ जिल्ह्यात सर्वाधिक माणसे जेथे राबतात ते कामाचे ठिकाण, म्हणजे वावर, तिच्या कक्षेत येतच नाही. वणीच्या कोळसा खाणीत किंवा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला निदान हजेरीपट असतो, ठरलेली पाळी असते, क्वचित पाठीशी संघटना असते. कपाशीच्या तासात उभ्या असलेल्या मजुराजवळ यांपैकी काहीच नसल्यामुळे, त्याला आपला माणूस म्हणणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेथे उघडावाघडा समोर येतो.

विदर्भातील शेतीत हा शब्द नवा नाही. गुढीपाडव्याला साल ठरवून पुढच्या पाडव्यापर्यंत एकाच शेतकऱ्याकडे राबणारा जो सालगडी, त्याचा उल्लेख मालकाच्या घरात 'घरचाच माणूस' असा होतो आणि पुष्कळ घरांत तो मनापासून होतो. हा करार बहुधा तोंडीच असतो, त्यातील काही रक्कम उचल म्हणून आधीच घेतलेली असते, आणि वर्षभराच्या या नात्याला पैशापलीकडची एक वीण असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जेथे जू बसते ती जागा हळद-तुपाने चोळून शेकतात, त्याला खांद शेकणे म्हणतात, आणि त्याच वेळी बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते. वर्षभराच्या ओढीने राठ झालेल्या कातडीवरून तळहात हळूहळू फिरत असतो आणि जनावर डोळे अर्धे मिटून उभे असते. दुसऱ्या दिवशी बैल नाहतात, अंगावर झूल, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगरांच्या माळा घालून तोरणाखाली उभे राहतात, आणि पोळा फुटल्यावर त्यांना घरोघरी फिरवून आणणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशालीचे पैसे, ठेवला जातो. ज्याच्या श्रमावर घर चालते त्याचे दुखणे नेमके कोठे आहे हे ओळखून तेथे हात ठेवावा, ही या विधीमागची समज अत्यंत खोल आहे. आपलेपणाची याहून नेमकी व्याख्या व्यवस्थापनाच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही.

हीच समज माणसाच्या खांद्यापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न २०१७ सालाने यवतमाळपुढे ठेवला. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशकांची विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तर शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतरत्र दाखल व्हावे लागले. त्या हंगामात किडींचा जोर मोठा होता आणि अनेक ठिकाणी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, त्यामुळे एरवी कमरेखाली सुटणारा फवारा तोंडाच्या उंचीवर मारावा लागत होता आणि तुषार चेहऱ्यावर, डोळ्यांत, श्वासात जात होते. पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर, त्याचे पट्टे दोन्ही खांद्यांवर रुतलेले, झाकण सैल असेल तर औषधाचे पाणी मणक्यावरून ओघळत सदऱ्यात मुरते, आणि घामाने उघडलेल्या कातडीतून ते शरीरात उतरते. कीटकनाशकाला शेतकऱ्याच्या तोंडी 'औषध' हाच शब्द आहे, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे, कारण औषध म्हटलेल्या वस्तूची भीती वाटत नाही.

त्या वेळी झालेल्या चर्चेत मजुरांनीच पुरेशी काळजी घेतली नाही, हातमोजे आणि मुखपट्टी वापरली नाही, असाही एक सूर होता. वास्तविक १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि त्याखालील १९७१ चे नियम यांत विषारी द्रव्ये हाताळणाऱ्यांसाठी संरक्षक कपड्यांची आणि श्वसनाच्या साधनांची तरतूद आहे. पण ती वावरातील एकट्या मजुरापर्यंत कोणी पोहोचवायची, याचे उत्तर व्यवहारात कोणाकडेच नसते. शिवाय भादव्यातील दमट उकाड्यात अंगभर जाड पोशाख घालून दिवसभर चालणे किती कठीण असते, हे तो पोशाख ठरवणाऱ्यांनी मजुराला विचारलेले नसते. न विचारता दिलेले साधन कोपऱ्यात पडून राहते आणि नंतर तेच त्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा ठरते.

येथे प्रेरणेचा प्रश्नही येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कामाशी निगडित घटकांची दोन गटांत विभागणी केली: वेतन, सुरक्षितता, कामाची परिस्थिती यांसारख्या घटकांच्या अभावी माणूस असमाधानी होतो, पण त्यांच्या केवळ असण्याने तो उत्साहाने कामाला लागत नाही, उत्साह येतो तो जबाबदारी, कर्तृत्व आणि त्या कर्तृत्वाची कोणीतरी घेतलेली दखल यांतून. ही विभागणी कार्यालयात उपयोगी असली तरी वावरात ती टिकत नाही, असे म्हणावे लागते, कारण पंप पाठीवर घेण्याआधी मालकाने स्वतः झाकण आवळून पाहिले तर ती सुरक्षितताही असते आणि दखलही. उलट अनेक ठिकाणी फवारणीची मजुरी पंपामागे दिली जाते, म्हणजे जितके पंप रिकामे होतील तितके पैसे. या पद्धतीने काम झपाट्याने उरकते खरे, परंतु गरगरू लागल्यावरही आणखी दोन पंप मारण्याची प्रेरणा तीच देते. जी प्रेरणा माणसाला स्वतःच्या शरीराचे म्हणणे ऐकू देत नाही तिला प्रोत्साहन म्हणणे नैतिकदृष्ट्या अवघड आहे, मग ती वावरातील असो वा विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी तापातही दुचाकीवर निघालेल्या तरुणाची.

या सर्वाचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र घोर अन्याय ठरेल. दगावलेल्यांत स्वतःच्याच कपाशीवर फवारणारे शेतकरी होते. मालक आणि मजूर यांच्यातील अंतर यवतमाळच्या कोरडवाहू पट्ट्यात अनेकदा चार-पाच एकरांपलीकडे जात नाही, आणि जो स्वतःच्या फुफ्फुसांची पर्वा करण्याच्या परिस्थितीत नाही तो दुसऱ्याच्या फुफ्फुसांची कितपत करील, हा प्रश्न कठोर असला तरी खरा आहे. तरीही दोघांत एक फरक उरतो. वारा उलटा आहे, आज फवारणी नको, असे शेतकरी स्वतःला सांगू शकतो. ज्याने पाडव्याला उचल घेतली आहे त्या गड्याच्या ओठांवर तेच वाक्य येऊन थांबते. संस्था मोठी असो वा लहान, तेथील माणूस खरोखर आपला मानला गेला आहे की नाही हे त्याच्या वाढदिवसाच्या केकवरून किंवा 'आपण सारे एक कुटुंब' या फलकावरून कळत नाही. कामात धोका दिसताच तो किती सहजपणे 'नाही' म्हणू शकतो आणि तसे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतले जाते की नाही, यावरून ते कळते. कुटुंब हा शब्द जेथे नकार मागे घ्यायला लावण्यासाठी वापरला जातो, तेथे तो उच्चारू नये हे बरे.

पाडव्याला साल ठरते तेव्हा रकमेची घासाघीस होते, उचल किती आणि कधी ते ठरते, धान्याचे आणि कपड्यालत्त्याचे बोलणे होते. फवारणी कोण करणार, किती वेळ करणार, पंपाची दुरुस्ती कोणी करायची आणि गड्याला मळमळले तर दवाखान्याचा खर्च कोणाच्या खात्यावर, या गोष्टी त्या बैठकीत बोलल्या जाणे अशक्य नाही. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही.

पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो, म्हणजे नेमका कपाशीला पात्या, फुले आणि कोवळी बोंडे धरण्याच्या, फवारणीच्या ऐन दिवसांत. आदल्या संध्याकाळी ज्या हातांनी बैलाचा खांदा हळद-तुपाने शेकला, तेच हात सण सरल्यावर पंपाचे पट्टे स्वतःच्या खांद्यांवर चढवतात.