सुक्या कचऱ्याला वार हवा

कचऱ्याची गाडी एक दिवस चुकली की नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये उसळणारा संताप साठलेल्या कचऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. गेटपाशी डबे ओसंडतात, सेक्रेटरींचा फोन थांबत नाही, कुणीतरी फोटो काढून नगरसेवकाकडे पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत ‘मग आम्ही टॅक्स भरतो कशाला?’ या प्रश्नावर सगळ्यांचे एकमत होते. एरवी पार्किंगवरून एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसेही या प्रश्नावर एकत्र येतात.

या शहराने रोज कचरा उचलला जाण्याची सवय लावून घेतली, त्याला कारण आहे. १९९२ पासून कारभार पाहणाऱ्या नवी मुंबई महानगरपालिकेने ‘निश्चय केला, नंबर पहिला’ अशी घोषणा भिंतीभिंतींवर रंगवली. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० मध्ये देशात तिसरा, २०२१ मध्ये चौथा, २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा तिसरा क्रमांक मिळाला. पुढे इंदूर आणि सुरतच्या पंक्तीत ‘सुपर स्वच्छ लीग’मध्येही जागा मिळाली. हे यश खरे आहे आणि पहाटे रस्ते झाडणाऱ्या हातांचे आहे. पण त्यातून घरांनी घेतलेला धडा असा, की कचरा दुपारच्या आत नजरेआड झाला म्हणजे शहर स्वच्छ. या समजुतीत एक चूक दडलेली आहे. सगळाच कचरा रोज उचलावा लागतो, असे आपण गृहीत धरतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ओला कचरा रोज उचललाच पाहिजे, पण सुका कचरा रोज उचलणे हे आपल्या वर्गीकरणाच्या अपयशाचे एक मोठे कारण आहे. सुक्या कचऱ्याच्या फेऱ्या कमी करणे ही सेवेतली कपात न ठरता सुधारणा ठरू शकते, मात्र ती कुणाच्या अंगावर पडते याचा हिशेब आधी मांडायला हवा.

कचरा किती दिवसांनी उचलावा, याचा नियम मुळात माशीने घालून दिलेला आहे. उष्ण हवेत घरमाशीच्या अंड्यातून एका दिवसात अळी बाहेर पडते आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवी माशी उडू लागते. थंड देशांत याच गोष्टीला कितीतरी आठवडे लागतात. त्यात आपल्याकडे मे महिन्याचा उकाडा, जुलैची ओल आणि मासळी खाणारा समाज. दिवाळ्यापासून दिव्यापर्यंतच्या आगरी-कोळी गावांत कोळंबीची साले किंवा बोंबलाची डोकी रात्रभर डब्यात राहिली, तर सकाळी काय होते ते सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. ओल्या कचऱ्याबद्दलची लोकांची घाई म्हणूनच रास्त आहे.

पण याच घरांमध्ये दुसऱ्या एका कचऱ्याला कसलीच घाई नसते. वर्तमानपत्रांची रद्दी दिवाणाखाली महिना-दोन महिने पडून असते. दुधाच्या पिशव्या धुऊन, खिडकीत वाळवून, घडी घालून ठेवलेल्या असतात. काचेच्या बरण्या पोटमाळ्यावर जातात, जुना मिक्सर भंगारवाल्याची वाट पाहत वर्षभर गॅलरीत बसतो. रद्दीवाला रोज येत नाही म्हणून कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. त्याच्या दोन फेऱ्यांमधले अंतर आपण पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार सांभाळले आहे, कारण त्यात चार पैसे सुटतात आणि त्या वस्तूंना वासही येत नाही. म्हणजे साठवण्याची शिस्त मराठी घराला शिकवावी लागत नाही. जिथे साठवण्याला अर्थ आहे तिथे ती आपोआप येते. बिस्किटाचे वेष्टन, शाम्पूची बाटली, कुरिअरचा खोका यांना रद्दीचा भाव नाही, म्हणून ते भाजीच्या देठांबरोबर त्याच दिवशी बाहेर जातात. आणि एकदा खोक्यावर डाळीचे पाणी सांडले की खोकाही गेला आणि देठांचे खतही बिघडले.

इथे नवी मुंबईतल्या इमारतींची रचना पाहायला हवी. वाशी, नेरुळ, बेलापूरच्या बहुतेक फ्लॅटधारकांची आणि महापालिकेच्या गाडीची कधी भेटच होत नाही. मधे एक माणूस असतो, बहुतेकदा बाई. ती सकाळी मजल्यामजल्यावरून डबे रिकामे करत खाली येते आणि मोठ्या डब्यांत कचरा ओतते. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे काम गेटजवळ, हातमोजे असले तर हातमोजे घालून, हीच बाई करते. घराने वर्गीकरण केले नाही तरी घराला काहीच सोसावे लागत नाही. दोन रंगांचे डबे, जनजागृतीचे फलक, शाळेतल्या मुलांच्या फेऱ्या हे सगळे करूनही जे जमत नाही, त्याचे कारण साधे आहे. दोन्ही कचरे एकाच वेळी, एकाच हाताने, एकाच दिवशी जात असतील तर वेगळे ठेवण्याची गरज मनाला पटत नाही. सुका कचरा फक्त बुधवारी आणि रविवारी जाणार असेल, तर सोमवारी त्यात खरकटे टाकण्याआधी माणूस थबकेल, कारण दोन दिवस तो वास त्याच्याच घरात राहणार आहे. जे काम फलकाला जमले नाही, ते वेळापत्रकाला जमू शकते.

हा विचार हवेतला नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत मे २०२० मध्ये शून्य कचरा मोहीम सुरू झाली, तेव्हा सार्वजनिक कचराकुंड्या हटवण्यात आल्या आणि सुक्या कचऱ्याला आठवड्यातले ठरावीक वार नेमून देण्यात आले. बंगळुरूमध्येही ओला कचरा रोज आणि सुका आठवड्यातून दोनदा अशी घडी बसवली गेली. कुठेच हे सुरळीत झाले असे नाही. कुंडी जिथे उभी असायची त्याच कोपऱ्यावर रात्री पिशव्या येऊन पडतात, हा अनुभव सगळ्या शहरांचा आहे. जबाबदारी गाडीवरून घराकडे सरकते तेव्हा घर पहिल्यांदा ती रस्त्यावर टाकून पाहते. या पहिल्या काही महिन्यांत प्रशासन डगमगले तर पुढचे सगळेच बिघडते.

विलायतेत फेऱ्यांचा हा वाद आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा कडवटपणे झाला. तिथल्या अनेक नगरपालिका दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने कचरा उचलू लागल्या, तेव्हा २०१० नंतरच्या सरकारातले मंत्री एरिक पिकल्स यांनी त्याविरुद्ध मोहीमच उघडली. उरलेला चिकन टिक्का मसाला डब्यात टाकल्यावर दोन आठवडे थांबावे लागू नये, हा इंग्रज माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे ते सांगत. साप्ताहिक फेऱ्या टिकवण्यासाठी २५ कोटी पौंडांचा निधीही त्यांनी काढला. तरीही बरी या शहराने २०१४ मध्ये तीन आठवड्यांनी, तर वेल्समधल्या कॉनवीने २०१८ मध्ये चार आठवड्यांनी कचरा उचलायला सुरुवात केली. हे ऐकून आपल्याकडे कुणालाही शिसारी येईल. पण कॉनवीत अन्नाचा कचरा आणि पुनर्वापराच्या वस्तू दर आठवड्याला उचलल्या जातात. महिन्यातून एकदा उचलला जातो तो या दोन्हींत न बसणारा उरलासुरला कचरा. तिथे नाशवंत कचऱ्याला हात न लावता बाकीच्या कचऱ्याच्या फेऱ्या कमी झाल्या. इंग्लंडनेही ३१ मार्च २०२६ पासून घराघरांतला अन्नकचरा दर आठवड्याला वेगळा उचलण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे टिक्का मसाल्याबाबत पिकल्स यांचे म्हणणे खरे ठरले, सगळ्या डब्याबाबत मात्र ठरले नाही.

मुंबईने नेमका उलटा रस्ता धरला. २ ऑक्टोबर २०१७ पासून वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांचा आणि रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांचा ओला कचरा उचलणार नाही, असे बृहन्मुंबई महानगरपालिकेने जाहीर केले. हेतू चांगला होता आणि नियमांना धरून होता. ओल्या कचऱ्याचे खत आवारातच झाले तर तो डम्पिंगपर्यंत जायचाच नाही. पण सोसायट्यांच्या प्रतिक्रियेत निव्वळ आळस नव्हता. जागा कुठे, यंत्राचा खर्च कोण करणार, विजेचे बिल कुणाच्या नावावर, तळमजल्यावरच्या घराने वास का सोसावा, हे प्रश्न खरे होते. शेवटी अनेकांना मुदतवाढ द्यावी लागली. थांबू न शकणारी गोष्ट थांबवण्याची धमकी दिली की ती मागे घ्यावी लागते, आणि प्रत्येक माघारीबरोबर पुढच्या धमकीचे वजन कमी होते. सुक्या कचऱ्याच्या बाबतीत तसे होत नाही. रिकामी बाटली चार दिवस घरात राहिली म्हणून कुणाच्या आरोग्याला बाधा येत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. पाम बीच रोडवरच्या तीन बेडरूमच्या घरात युटिलिटी बाल्कनी असते, तिथे सुक्या कचऱ्याची एक पिशवी कुणाच्या नजरेतही भरणार नाही. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत किंवा दिघा, तुर्भे स्टोअर, रबाळे इथल्या वस्त्यांत एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे चार दिवसांचा सुका कचरा ठेवायचा म्हणजे कुणाच्या तरी अंथरुणाची जागा घेणे. शिवाय डायपर आणि सॅनिटरी पॅड यांचा प्रश्न आहे. ते ना ओल्यात बसतात ना सुक्यात. तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असलेल्या घराला ‘रविवारपर्यंत थांबा’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. म्हणून सगळ्या शहराला एकच वेळापत्रक लावणे चूक आहे. वस्त्यांमध्ये रोजची फेरी कायम राहावी, सॅनिटरी कचरा सगळीकडे रोज वेगळा जावा आणि सुक्याला वार ठरवण्याची सुरुवात मोठ्या संकुलांपासून व्हावी. जागा ज्यांच्याकडे आहे, आणि कुरिअरचे खोकेही ज्यांच्याकडे जास्त येतात, त्यांनी आधी सोसावे यात अन्याय काहीच नाही.

दुसरा आक्षेप कराचा. पैसे घेता तसे घेता आणि फेऱ्या कमी करता, हे लोकांना खुपणारच. हा राग अनाठायी नाही, कारण कमी फेऱ्यांची बचत कुठे जाते हे नागरिकाला कधी कळत नाही. अनेक शहरांत ठेकेदाराला उचललेल्या कचऱ्याच्या वजनावर पैसे मिळतात. कचरा घटवण्यात त्याचे हित नसते, उलट नुकसानच असते. वाचलेले डिझेल आणि वाचलेल्या खेपा यांचा हिशेब विभाग कार्यालयावर लागला आणि त्यातला वाटा वर्गीकरण करणाऱ्या सोसायट्यांना करसवलतीत मिळाला, तर ‘टॅक्स कशाला भरतो’ या प्रश्नाला निदान आकड्यात उत्तर देता येईल.

आणि वार ठरला की तो पाळला गेला पाहिजे. फेऱ्या कमी होणे आणि फेऱ्यांचा भरवसा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्यांचा अनुभव घराला सारखाच येतो. पनवेल महापालिका २०१६ मध्ये स्थापन झाल्यावर खारघर, कामोठे, कळंबोलीचा कचरा हा भाग वसवणाऱ्या सिडकोने उचलायचा की महापालिकेने, हा घोळ बराच काळ चालला. अशा वेळी माणूस कचरा साठवायला शिकत नाही, टाकायला शिकतो. बुधवारची गाडी दोनदा गुरुवारी आली, तर तिसऱ्या बुधवारी पिशवी नाल्यात गेलेली असते.

रोजच्या उचलण्याचा आपल्याला इतका लळा का आहे, हेही विचारायला हवे. गाडी गेली की कचरा संपला असे वाटते, पण तो फक्त वाट पाहायला दुसरीकडे जातो. कोपरखैरण्याचे जुने डम्पिंग बंद होऊन तिथे निसर्ग उद्यान झाले आणि कचरा तुर्भ्याला जाऊ लागला. वाशीचा खिडकीबंद फ्लॅट दुपारी निर्धास्त असतो, तेव्हा तुर्भ्याच्या वाऱ्याच्या दिशेला राहणारा माणूस नाक दाबून बसलेला असतो. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या नारेगावच्या डम्पिंगशेजारच्या लोकांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘आता इथे नाही’ असे म्हणत गाड्या अडवल्या, तेव्हा शहराच्या रस्त्यांवर महिनोन् महिने ढीग साचले. मग कचरा मिटमिट्याला नेला, तेव्हा तिथे गाड्यांवर दगडफेक आणि जाळपोळ झाली. पुण्याचा कचरा झेलणाऱ्या फुरसुंगी-उरुळी देवाचीची कहाणी याहून जुनी आहे. या गावांची प्रतिक्रिया आणि गाडी चुकल्यावर संतापणाऱ्या फ्लॅटधारकाची प्रतिक्रिया यांत फरक काय? दोघांनाही कचरा दारात नको आहे. गावकऱ्याच्या दारातला कचरा मात्र त्याचा स्वतःचा नाही.

म्हणून सुक्या कचऱ्याचे चार दिवस आपल्या घरात राहणे हा शिक्षेचा भाग मानू नये. त्या चार दिवसांत कळते की आपण किती आणतो. चार दिवसांची पिशवी एकदा डोळ्यांसमोर उभी राहिली की पुढच्या वेळी कापडी पिशवी घेऊन बाजारात जायला मोहिमेची गरज पडत नाही. नवी मुंबईने क्रमांक वेगाने उचलून मिळवला. आता पहिला नंबर हवा असेल, तर काय उचलायचे नाही हे ठरवण्याचे धाडस लागेल. सुरुवात फार मोठी नको. मोठ्या संकुलांसाठी सुक्याचे दोन वार, ते न चुकवण्याची लेखी हमी, आणि मिसळलेला सुका कचरा गेटवरच्या बाईच्या हातात न देता ज्या मजल्यावरून आला त्याच मजल्यावर परत नेऊन देण्याचा सोसायटीचा ठराव. या ठरावाला सर्वसाधारण सभेत जो विरोध होईल, त्यातूनच कळेल की आजवर वर्गीकरण नेमके कोण करत होते.