वीणेच्या तारा आणि धावणारी मुले



पुनावळे, ताथवडे, रावेत परिसरात पहाटे धावणारी मुलेमुली तुम्ही पाहता. त्यांत आपल्याही घरांतली आहेत. जवळच बालेवाडीस १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले संकुल आहे. तेथील धावपट्टी एकदा पाहिली की पंधरा वर्षांच्या पोराला दुसरे काही सुचत नाही. मग घरात तंटा होतो. वडील म्हणतात, बाबासाहेबांनी शिकायला सांगितले. दहावीच्या वर्षी पळणे कसले? मुलगा म्हणतो, मला पदक हवे. धम्माच्या दृष्टीने खरे कोणाचे?

भगवान बुद्धांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, तरी फळ दिसेना. तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेचेच विचारले : तार अती ताणली तर सूर लागतो काय? सैल सोडली तर? सम्यक व्यायाम तो हाच. पण आपल्या मुलांच्या वीणेला एकच तार आहे असे बाप आणि मुलगा दोघेही समजतात, तेथे चूक होते.

पालवणकर बाळूंकडे पाहा. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर राबत व साहेबांना गोलंदाजी करीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही पुण्यातील हिंदू खेळाडूंनी त्यांना चहा मंडपाबाहेर मातीच्या पेल्यात दिला, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांच्या धाकट्या भावांनी संघ सोडून जाहीर निषेध केला. १९२३ साली त्यांतले विठ्ठल कर्णधार झाले. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पडले, हे आपण विसरत नाही. तरी धडा खराच आहे. बळी घेऊन मैदान मिळाले. मान मिळवण्यास शब्द लागले. आणि मागे बळी नसते, तर ते शब्द कोणी ऐकले नसते.

आजही महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण पदासाठी ठरलेले शिक्षण त्यांनाही लागतेच.

आई-वडिलांनो, मुलाचे पदक तुम्हांला कोणासाठी हवे, हे स्वतःस विचारा. शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी हवे असेल तर ती तृष्णा. नव्वद टक्के गुण त्याचसाठी हवे असतील तर तीही तृष्णाच. मुलांना पहाटे धावू द्या, संध्याकाळी अभ्यासास बसवा, आणि मुलीला मुलाइतकाच वेळ द्या.

शरीर आणि विद्या या दोन तारा झाल्या. तिसरी शीलाची. मुलगा हरून घरी येईल, त्या दिवशी जिंकणाऱ्याविषयी तो काय बोलतो ते ऐका. दुसऱ्याच्या यशाचा आनंद त्याला झाला, तर तथागतांनी जिला मुदिता म्हटले ती त्याच्या अंगी आली असे समजा. असा मुलगा हरला तरी त्याची वीणा सुरात आहे.

जयभीम.