भोंगा कुणाचा, शिस्त कुणाची?



'शिस्त' हा शब्द आपल्या वस्तीत कधी चांगल्या वाटेनं आला नाही. मास्तरच्या छडीतून आला, मुकादमाच्या शिवीतून आला, 'तुम्हा लोकांना शिस्तच नाही' म्हणणाऱ्या पांढरपेशा तोंडातून आला. म्हणून आपली पुष्कळ पोरं शिस्तीचं नाव काढलं की नाक मुरडतात. बंडखोराला कसली आलीय शिस्त, म्हणतात. मला हे बंड कच्चं वाटतं. शब्द त्यांनी बाटवला म्हणून आपण टाकून द्यायचा? चवदार तळंही त्यांचंच म्हणत होते. ते आपण सोडलं का?

आधी एक हिशेब करू. आपले आजे-पणजे बेशिस्त होते? महारकीत माणसाला रात्र नव्हती की दिवस नव्हता. सरकारी कागद पोचवायचा, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, वेशीवर राखण करायची. हाक आली की हातातला घास टाकून उठायचं. एक जण नसला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. याहून कडक शिस्त कुठल्या पलटणीत असेल? कमी एकच होतं : वेळ त्यांचा नव्हता. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. माणसाचा दिवस माणसाला परत मिळावा, हा मला त्यातला गाभा दिसतो. पुढं 1958 च्या कायद्यानं ही वतनं गेली. दिवस हाती आला. त्याचं आपण काय करतो, हा प्रश्न उरलाय.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. आठ तास मशीनच्या मधल्या वाटेनं फेऱ्या मारायच्या, धागा तुटला की सांधायचा. ही शिस्त मी पाळतो, कारण खाडा पडला की पगार कापला जातो. सुटी झाली की ती गेटावरच राहते. भीतीनं आलेली शिस्त भीती असेतोवरच. पण या कामानं मला एक गोष्ट शिकवली, जी मालकानं शिकवायची ठरवली नव्हती. धागा तुटतोच. हवा कोरडी झाली, कापूस आखूड धाग्याचा आला, की तुटतो. तुटला म्हणून कुणी रडत बसत नाही. फेरी न चुकवता जो सांधत जातो, तो चांगला कामगार.

बाबासाहेबांचाही धागा तुटला होता. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग नोकरी केली, पैसा साठवला, उसने घेतले, 1920 साली पुन्हा गेले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी. आपण त्यांचे अठरा तास मोजतो. जयंतीला सलग अठरा तास वाचायला बसतो, फोटो काढतो. बसावंच. पण 15 एप्रिलला काय? मला त्या अठरा तासांपेक्षा मधली तीन वर्षं मोठी वाटतात.

पहाटे चारला उठा, असं सांगणारी पुस्तकं फुटपाथवर ढिगानं मिळतात. ज्याची पाळी आठवड्याला बदलते त्याला पहाट कुठली? रात्रपाळीला चार वाजता मी मशीनवर असतो. म्हणून मी वाचन घड्याळाला बांधलं नाही, अंघोळीला बांधलं. पाळी कुठलीही असो. घरी आलो, अंघोळ झाली, की जेवणाआधी दहा पानं. मोबाईल तोवर फळीवर. मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची पुस्तकं अशीच सरतायत. पाहुणा आला, मोर्चा निघाला, दिवस गेला, तर दुसऱ्या दिवशी दहाच पानं, वीस नाहीत. कर्ज काढून शिस्त चालत नाही.

कुणी म्हणेल, मग ज्याला जमत नाही तो नालायक काय? नाही. इथं सावध राहा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा त्यांना विटाळ. पगार तिथंच जास्त. आपला माणूस जन्मभर वेळेवर आला असता तरी ते दार उघडलं नसतं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक उभा केला. तसलं दार एकट्याच्या शिस्तीनं उघडत नाही, त्याला संघटना लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, पुस्तक उघडायला जागा नाही, त्याला 'मन घट्ट कर' म्हणणं ही मुकादमीच झाली. त्याला आधी जागा द्या. संध्याकाळी विहार उघडा, दिवा लावा.

पण संघटना तरी कशानं उभी राहते? 20 मार्च 1927 ला महाडात आपल्या लोकांवर हल्ला झाला. माणसं पेटली होती, उलटून मारायला तयार होती. बाबासाहेबांनी आवरा म्हटलं आणि ती आवरली. तिथं ना मुकादम होता, ना पगार कापायचं भय. पंचशील घेतानाही आपण कुणाची आज्ञा झेलत नाही. शिकण्याचा नियम आपणच अंगावर घेतो, म्हणून त्याला सिक्खापद म्हणतात. मोडला तर कुठला देव शिक्षा करत नाही. पुन्हा घ्यायचा असतो. तुटलेला धागा सांधावा, तसा.

मालकाच्या भोंग्यावर आपण पोटासाठी उठतो, त्यात लाज नाही. पण चोवीस तासांत एक तुकडा असा पाहिजे, ज्याला कुणाचा भोंगा लागत नाही. तो दहा पानांचा असेल, एका कवितेचा असेल, वस्तीतल्या पोरांना गणित शिकवण्याचा असेल. किती मोठा, ते मागाहून मोजू. तो तुमचा आहे का, एवढं आज बघा.