चांगला हेतू पुरेसा असतो का?

ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याला आपल्या मनासारखे घडवण्याचा अधिकार आपल्याला मिळतो का? अमेरिकेतील ऑरेगन राज्यातले क्रेटर लेक हे तळे आपल्याला या प्रश्नाचा विचार करायला लावते.

सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला आणि पर्वताचा माथा आत कोसळला. उरलेला खड्डा पावसाच्या व बर्फाच्या पाण्याने भरला. त्याला कोणतीही नदी येऊन मिळत नाही. या ५९४ मीटर खोल तळ्यात नंतरच्या उद्रेकांतून वर आलेले एक निर्मनुष्य बेट आहे. जादूगाराच्या टोपीसारखा आकार पाहून विल्यम स्टील यांनी त्याला 'विझार्ड आयलंड' हे नाव दिले.

स्टील यांनी या परिसराच्या रक्षणासाठी सतरा वर्षे खटपट केली. १९०२ साली तो राष्ट्रीय उद्यान झाला. परंतु १८८८ साली याच स्टील यांनी तळ्यात मासे आणून सोडले होते. मुळात तिथे मासे नव्हतेच. पुढे १९१५ साली माशांना खाद्य म्हणून क्रेफिश हे नांग्यांचे जीव सोडण्यात आले. आज ते बहुतेक किनाऱ्यावर पसरले आहेत. जगात फक्त याच तळ्यात आढळणारा माझामा न्यूट हा छोटा उभयचर प्राणी त्यांच्यामुळे नामशेष होण्याच्या वाटेवर आहे.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मासे नसलेले तळे माणसाला अपुरे वाटले, इतकेच. पण जे आपल्याला रिकामे दिसते, ते खरोखर रिकामे असते का?

मग काहीच करू नये काय? तसेही नाही. स्टील यांनी खटपट केली नसती, तर हा परिसर कदाचित राखला गेला नसता. करणे आणि न करणे यापेक्षा फरक आहे तो दृष्टीचा. 'याला काय हवे आहे?' असे विचारणारे प्रेम राखण करते. 'मला हे कसे हवे आहे?' एवढेच पाहणारे प्रेम नकळत नासधूस करते.

आपल्या घरातही हेच घडते. अबोल मुलाला आपण बोलके करू पाहतो, थकलेल्या आईवडिलांचे निर्णय त्यांना न विचारता घेतो, आणि हे सारे प्रेमापोटीच करतो. या आठवड्यात कोणाचे भले करायला निघण्यापूर्वी क्षणभर थांबून आपण त्यालाच विचारू या. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्याकडे आधी नीट पाहू या.