माशीला नाव देताना

कोठीच्या बाजारात ज्याला चामगड्डा म्हणतात, तो आपला अळू. कंद आपण खात नाही, चातुर्मासात पानंही बहुतेक घरांत बंद. पण त्याचं फूल? ते निरखून पाहिलेली बाई मला अजून भेटलेली नाही. पिवळसर आवरणात एक दांडा. त्यावर खाली मादीफुलं, वर नरफुलं. एवढ्याशा जागेत इवल्याशा माश्या संसार करतात. अंडी तिथंच, अळ्या तिथंच, आणि त्या बदल्यात परागांची ने-आण. १९८० च्या सुमारास कार्सन आणि ओकाडा या संशोधकांनी न्यू गिनीतल्या अळूवर पाहिलं, की एका जातीच्या अळ्या खालच्या मादीफुलांत वाढतात, दुसरीच्या वरच्या नरफुलांत. एका घरात दोन चुली आणि भांडण नाही! नावंही तशीच ठेवली: पिस्टिलिकोला आणि स्टॅमेनिकोला.

हे वाचताना मजा वाटते. पण अशी नवी जात ठरवायची तर माशी मारावी लागते. दोन जातींतला फरक बऱ्याचदा नराच्या पोटाच्या टोकाशी असतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून पाहावा लागतो. मग एक नमुना कायमचा जपून ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनीही कुणाला पडताळता यावं.

कोठीतल्याच एका ओळखीच्या आईनं मला विचारलं, "ताई, मुलीला हेच शिकायचंय. चतुरिंद्रिय जीव आपल्या हातानं मारायचा, ही उद्योगी हिंसाच ना?" तिला 'हो' ऐकायचं होतं. मला ते म्हणवेना. स्वयंपाकात नकळत होते ती आरंभी, पोटासाठी काम करताना होते ती उद्योगी, बचावासाठी होते ती विरोधी. इथं तर नेमका तोच जीव निवडून हात पुढे जातो. ही संकल्पीच. तिला हलकं नाव देऊ नये.

मग शिकूच नये का? आपण पंच उदुंबर वर्ज्य करतो, कारण आत जीव आहेत. ते कळलं कसं? कुणीतरी उंबर फोडून पाहिला असणार. उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची, असं आपण म्हणतो खरं; पण कुणीच फोडला नसता तर ते व्रतही नसतं. शेतात फवारणी होते तेव्हा किती जातींच्या माश्या मरतात, हे त्यांना ओळखणारा माणूसच सांगू शकतो. ती फवारलेली भाजी मात्र आपण बिनघोर निवडतो.

न मारता नाव देण्याचा प्रयत्नही झालाय. २०१५ मध्ये मार्शल आणि एव्हनह्युइस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन नुसत्या छायाचित्रांवरून केलं. शास्त्रज्ञांत केवढा वाद झाला! अळूच्या माशीला तर ती वाट फारशी उपयोगाचीही नाही.

मी त्या आईला एवढंच म्हटलं: शिकू दे. आधी संग्रहालयात ठेवलेले नमुने पाहू दे. पाचांवर भागतं तिथं पन्नास नकोत, आणि किती घेतले ते वहीत लिहू दे. प्रतिक्रमणात आपण चतुरिंद्रियांची क्षमा एका शब्दात, एका दमात मागून मोकळ्या होतो. तिला थांबून आकडा सांगावा लागेल.

आईचं समाधान झालं नाही. "आणि पाचांवर भागतं की नाही, हे कोण ठरवणार?" म्हणाली.